घड्याळ बरोबर, पण कोणाशी?



या व्यासपीठावर इतिहासाचे पंडित बोलून गेले आहेत. आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण जे झाले ते युनियनच्या कचेरीत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि मिळेल त्या वाचनालयात. तरीही येथे उभे राहिलो आहोत, कारण एका कामगाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या वेळी देता आले नाही, आणि ते देणे आमच्याकडे अजून बाकी आहे.

गोष्ट साधी आहे. एका कारखान्याच्या फाटकावरचे घड्याळ चार मिनिटे पुढे असे. पाच मिनिटांहून अधिक उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापायची, असा तेथला नियम. म्हणजे जो खरोखर दोनच मिनिटे उशिरा आला त्याचाही अर्धा दिवस गेला. आम्ही रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकून पंधरा दिवस वहीत नोंद केली आणि ती वही व्यवस्थापकांपुढे ठेवली. घड्याळ मागे सरले. कापलेली मजुरी पुरी परत आली नाही, तो भाग वेगळा. त्या संध्याकाळी फाटकावरच्या सभेत आम्ही हे मोठ्या उत्साहाने सांगत होतो, तोच मागून एक तरुण हेल्पर म्हणाला, "भाऊ, घड्याळ बरोबर केलंत ते ठीक. पण बरोबर म्हणजे कोणाशी बरोबर? रेडिओचं तरी बरोबर कशावरून?"

हशा झाला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. 'वेळ मारून नेली' हा शब्दप्रयोगही त्या दिवशी आम्हांला जरा टोचला.

असे प्रश्न लहानपणी प्रत्येकाला पडतात. रविवारनंतर सोमवारच का येतो? तास साठ मिनिटांचाच का, शंभरांचा का नाही? सुट्टी रविवारीच का? तारीख मध्यरात्री, सगळे झोपले असताना का बदलते? पोराने विचारले की आपण 'गप्प बस' म्हणतो, कारण आपल्यालाही ठाऊक नसते. पुढे पोर मोठे होते, कामाला लागते, आणि मग घड्याळ आणि वार ही ऊन-पावसासारखी आपोआप आलेली गोष्ट आहे असे मानू लागते. ती आपोआप आलेली नाही. कोणीतरी, कोठेतरी, कशासाठी तरी ठरवलेली आहे. आणि ज्यांना तिच्याप्रमाणे राबायचे होते त्यांना बहुधा कोणी विचारले नव्हते. तेवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम तासाकडे वळू. आपल्याकडे पूर्वी अहोरात्राच्या साठ घटका धरीत. एका घटकेची साठ पळे, एका पळाची साठ विपळे. घटका मोजण्याचे साधन म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडायची. हळूहळू पाणी आत शिरते, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की घटका झाली. माणसाची घटका भरली असे आपण म्हणतो ते या वाटीमुळे. लग्नाच्या मांडवात भटजी हेच पात्र घंगाळात सोडून बसत. ही घटका आजच्या चोवीस मिनिटांची. म्हणजे आपल्याकडे दिवसाच्या साठ घटका आणि घटकेची मिनिटे चोवीस. तिकडे दिवसाचे तास चोवीस आणि तासाची मिनिटे साठ. तेच दोन आकडे, फक्त जागा बदललेल्या. अडीच घटकांचा एक तास. आणि 'तास' म्हणजे तरी काय? जुन्या मराठीत टोले देण्याची काशाची थाळी ती तास. थाळी वाजवणारा गेला, थाळी गेली, नाव मागे राहिले.

हा साठचा आकडा कोठला? तो बाबिलोनचा. आज जेथे इराक आहे तेथील लोक सुमारे चार हजार वर्षांपूर्वी साठच्या पटीत हिशोब करीत. आपण दहाच्या पटीत करतो, कारण हाताला बोटे दहा. त्यांनी साठ का घेतला याविषयी तर्क पुष्कळ आहेत. आम्हांला पटतो तो व्यवहाराचा. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. धान्याच्या राशीची वाटणी करायची असो वा पाण्याच्या पाळीची, तिघांत वाटा, चौघांत वाटा, पाच जणांत वाटा, अपूर्णांक उरत नाही. शंभराचे तीन वाटे करून पाहा, भांडण ठरलेले. पुढे ग्रीक ज्योतिषांनी हीच रीत उचलली, आणि युरोपातल्या लॅटिन पंडितांनी तासाच्या पहिल्या बारीक तुकड्याला 'पहिला बारीक भाग' आणि त्याच्या तुकड्याला 'दुसरा बारीक भाग' म्हटले. त्यातला 'बारीक' म्हणजे मिनिट आणि 'दुसरा' म्हणजे सेकंद. सेकंदाला सेकंद का म्हणतात हे आम्हांला वयाच्या चाळिशीत कळले, आणि शाळेत कोणी का सांगितले नाही याचा रागही आला.

दिवसाचे चोवीस भाग मात्र मिसरचे: बारा दिवसाचे, बारा रात्रीचे. पण ते सारखे नसत. उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब आणि रात्रीचा आखूड, थंडीत उलटे. शेतकऱ्याला, सुताराला याचे काही बिघडत नव्हते. ऊन आहे तोवर काम, ऊन गेले की घर. सारख्या लांबीचा तास सामान्य माणसाच्या माथी आला तो युरोपात चौदाव्या शतकात, मनोऱ्यांवरची यांत्रिक घड्याळे आल्यावर. (त्या घड्याळांचे काटे उजवीकडे का फिरतात? उत्तर गोलार्धात जमिनीवर रोवलेल्या काठीची सावली त्याच दिशेने फिरते म्हणून. घड्याळ दक्षिणेकडे कोणी शोधले असते तर काटे उलटे फिरले असते.) आणि येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १३३५ साली फ्रान्समधील आमियां या कापड विणणाऱ्या शहराने राजाकडून परवानगी मिळवली ती कशाची? कामगारांनी कामावर केव्हा जायचे, जेवायला केव्हा सुटायचे आणि काम केव्हा संपवायचे हे सांगणारी घंटा वाजवण्याची. गिरणीचा भोंगा आपण मुंबईचा समजतो. त्याचा पणजोबा हा असा सहा-सातशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तोही कापडाच्याच धंद्यातला.

आता वार. रविवारनंतर सोमवारच का, हा प्रश्न आम्ही पुष्कळांना विचारला आहे. 'क्रम तसा आहे' यापलीकडे उत्तर येत नाही. क्रम तसा आहे खरा, पण तो आकाशातला क्रम नव्हे. आकाशातला क्रम जुन्या ज्योतिषांनी ग्रहांच्या गतीवरून लावला होता. सर्वांत मंद शनी, त्याला फेरी पुरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. मग गुरू, सुमारे बारा वर्षे. मग मंगळ, रवी, शुक्र, बुध, आणि सर्वांत चपळ चंद्र. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. हा क्रम आणि वारांचा क्रम जुळत नाही, हे उघड आहे.

त्यांची कल्पना अशी की दिवसाच्या प्रत्येक तासावर एका ग्रहाचा अंमल चालतो आणि पहिल्या तासाचा जो धनी, त्याचे नाव त्या दिवसाला. शनिवारी पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, असे मोजत चला. सात-सातच्या तीन फेऱ्यांत एकवीस तास संपतात. उरलेले तीन पुन्हा शनी, गुरू, मंगळ यांचे. चोवीस पुरे झाले. मग दुसऱ्या दिवशीचा पहिला तास कोणाचा? रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. तेथून तीन ग्रह सोडा, शुक्र आणि बुध धरून रवीपासून चौथा चंद्र, म्हणून सोमवार. चंद्रापासून चौथा मंगळ, मंगळापासून चौथा बुध. घरी बोटांच्या पेरांवर मोजून पाहा, शनिवारी बरोबर परत याल. तिसऱ्या शतकातील रोमन इतिहासकार डिओ कॅसियस याने हीच उपपत्ती नोंदवली आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतीवरही शनीपासून सुरू होणारी या वारांची यादी खरडलेली सापडली आहे.

या तासाला संस्कृतात 'होरा' म्हणतात. सहाव्या शतकातला वराहमिहिर एक मत असे देतो की 'अहोरात्र' शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गाळून 'होरा' झाला. विद्वान आज तो शब्द ग्रीक मानतात. इंग्रजी 'अवर' हाही त्याचाच भाऊ. आपल्याकडे प्राचीन काळी दिवस तिथी-नक्षत्रांनी ओळखत, वारांनी नव्हे. वार घातलेला जुन्यात जुना पक्का कालोल्लेख म्हणून मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखाकडे बोट दाखवतात. तो इ. स. ४८४ चा, आणि वार गुरुवार. मराठी वाचकाला या विषयात शिरायचे असेल तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा १८९६ चा ग्रंथ आहे. दीक्षित पेशाने शिक्षक. इतके मोठे काम एका शिक्षकाने मराठीत करून ठेवले आणि आपण त्याच्यावर धूळ बसू दिली, हे जाता जाता म्हटल्याशिवाय आम्हांला राहवत नाही.

म्हणजे शनिवार-रविवार ही बाबिलोनचा आकाशाचा अभ्यास, मिसरचे तास आणि ग्रीकांचे गणित यांची मिसळ. आमच्या गावी 'आपला' आणि 'परका' यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या उपासाचा वार कोठून आला हे एकदा पाहावे.

ही सातांची साखळी तोडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. फ्रेंच राज्यक्रांतीवाल्यांनी १७९३ मध्ये आठवडा दहा दिवसांचा केला आणि दिवस दहा तासांचा, तास शंभर मिनिटांचा. तशी घड्याळेही बनली. दशमान तास १७९५ मध्येच गुंडाळावा लागला, आणि दहा दिवसांचा आठवडाही फार टिकला नाही. कारणे अनेक देतात, पण कामगाराच्या बाजूने पाहिले तर एक कारण समोरच आहे: सातव्या दिवशी मिळणारी विश्रांती आता दहाव्या दिवशी मिळू लागली. सोव्हिएत रशियात १९२९ मध्ये यंत्रे अखंड चालावीत म्हणून पाच दिवसांचा आठवडा आणला. प्रत्येकाला पाचवा दिवस सुट्टीचा, म्हणजे विश्रांती अधिक; पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मित्राची तिसऱ्या. पुढे सहा दिवसांचा करून पाहिला आणि १९४० मध्ये पुन्हा सातावर आले. आम्ही लाल बावट्याखाली वाढलो, तरी हे कबूल केले पाहिजे. सुट्टी म्हणजे नुसते काम नसणे नव्हे; आपल्या माणसांनाही त्याच दिवशी काम नसणे, हे तिचे निम्मे सुख आहे.

मग ती सुट्टी रविवारीच का? सातव्या दिवशी विसावा घेण्याची आज्ञा यहुदी लोकांची, त्यांचा दिवस शनिवार. त्या आज्ञेत दासदासींचा आणि गुराढोरांचाही उल्लेख आहे, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३२१ साली रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरवला. न्यायाधीश आणि शहरातले लोक यांनी काम बंद ठेवायचे. शेतकऱ्याला मात्र मोकळीक, त्याने रविवारीही खुशाल राबावे! पेरणीचा मोसम चुकू नये हे कारण दिले होते, आणि ते खोटेही नव्हते. पण शेतावर राबणाऱ्याच्या वाट्याला कायद्याचा अपवाद येतो, ही रीत किती जुनी आहे ते यावरून दिसते.

आपल्या गावगाड्यात रविवारची सुट्टी नव्हती. अमावास्येला अवजार धरू नये, बैल जुंपू नये, असा रिवाज अनेक गावांत होता. बैलांना पोळा होता, गावाला बाजाराचा दिवस होता. मुंबईत गिरण्या आल्या आणि हे सारे मागे राहिले. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. विजेचे दिवे नव्हते, म्हणून उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. मुंबईत थंडीतला लहान दिवस अकरा तासांचा असतो आणि जूनमधला सव्वातेरा तासांचा. सूर्य हाच मुकादम होता म्हणा ना. आणि ज्या दिवशी यंत्रे थांबत त्या दिवशीही ती पुसायला, साफ करायला कामगाराला बोलावीत.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येथे घेतले पाहिजे. जन्म १८४८ चा. सत्यशोधक चळवळीत जोतीराव फुल्यांचे सहकारी. 'दीनबंधू' पत्राचे संपादक. स्वतः गिरणीत नोकरी केलेला माणूस. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे गेला. मागण्या ऐकून आज कोणालाही आश्चर्य वाटेल, इतक्या त्या साध्या. आठवड्यात रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्याहून अधिक नाही. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत काही मजुरी. आठ तासांचा दिवस त्यात नाही, त्याची कल्पनाही नाही. नुसता सूर्यास्त मागितला आहे.

तेवढ्यासाठी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्रियाही बोलल्या. त्या काळी हजारो पुरुषांसमोर गिरणीत राबणाऱ्या बाईने उभे राहून बोलणे म्हणजे काय, याचा विचार करा. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांनी रविवारच का धरला? साहेबाचे कामकाज त्या दिवशी बंद, हे एक कारण झालेच. पण असेही सांगतात की रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, असे त्यांनी मांडले. आम्हांला हे खरे वाटते, कारण संघटना बांधणारा माणूस असाच बोलतो. घाटावरून आलेल्या माणसाला ख्रिस्ती देशातला कायदा सांगून उपयोग नाही. भंडारा उधळायचा दिवस मोकळा हवा, हे तो लगेच समजतो. लोखंड्यांची 'मिल हँड्स असोसिएशन' ही खरी युनियन नव्हे, तिला ना वर्गणी ना सभासदांचे पुस्तक, असे अभ्यासक लिहितात. ते खरे आहे. पण वर्गणीची पुस्तके चोख ठेवणाऱ्या किती संघटनांनी साऱ्या शहराला एक सबंध दिवस मिळवून दिला, हेही एकदा मोजावे. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत गेले.

एवढे झाल्यावर आता त्या हेल्परच्या प्रश्नाकडे येतो. बरोबर म्हणजे कोणाशी बरोबर?

पूर्वी प्रत्येक गावाचे मध्यान्ह वेगळे. मुंबईचे घड्याळ मुंबईच्या सूर्याशी बरोबर होते, मद्रासचे मद्रासच्या. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर. आगगाड्या आल्या आणि घोटाळा सुरू झाला. रेल्वे मद्रासचे घड्याळ पाळी, शहर मुंबईचे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासवेळ मुंबईवर लादून पाहिली. शहराने दाद दिली नाही आणि दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. मग १ जानेवारी १९०६ पासून सबंध हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली. ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. मिर्झापुरात सूर्य डोक्यावर आला की मुंबईत तो यायला अजून एकोणचाळीस मिनिटे असतात. पण घड्याळ दोहोंकडे बारा दाखवणार.

एकोणचाळीस मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे दिवाणखान्यात बसून म्हणता येते. फाटकावर येऊन हिशोब करा. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो तो जुन्या वेळेने साडेसहाच्या सुमारास, नव्या वेळेने सातच्या पुढे. फाटकाचा आकडा तोच राहिला आणि घड्याळ पुढे सरले, तर कामगाराला तेवढेच आधी, काळोखात घर सोडायला हवे. त्यात नुकतेच विजेचे दिवे गिरण्यांत आले होते. सूर्यास्तानंतरही साचे चालवता येऊ लागले होते, आणि दिवस तेरा-चौदा तासांवर गेला होता. म्हणजे संध्याकाळ आधीच गेली होती, आता पहाटही निघाली. त्याच जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी नव्या वेळेने काम करायचे नाकारले, दगडफेकही झाली. शहाण्या लोकांनी त्याला अडाणीपणा म्हटले असेल. पण शहरातल्या शिकलेल्या नागरिकांनीही त्याच विषयावर हजारोंच्या सह्यांचा अर्ज केला, आणि मुंबई महानगरपालिकेने आपल्या घड्याळांपुरती जुनीच मुंबईवेळ चालू ठेवली. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांपर्यंत ती चालली. म्हणजे एकाच शहरात पालिकेच्या मंडईत एक वाजला असे आणि स्टेशनात एकोणचाळीस मिनिटे अधिक. वंगभंगाचे ते दिवस, सरकारच्या घड्याळावरही कोणाचा विश्वास उरला नव्हता. याच गिरणी कामगारांनी अडीच वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांच्या सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस साचे बंद ठेवले. पुढे महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात सबंध देशाचे घड्याळ आणखी एक तास पुढे नेले होते. तेव्हाही कोणी फाटकावर विचारायला आले नाही.

आज आपली प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अणुघड्याळांवर राखतात. तिच्यात चूक निघणे कठीण. तेव्हा त्या हेल्परला उत्तर असे: रेडिओ दिल्लीशी बरोबर, दिल्ली मिर्झापूरच्या रेषेशी बरोबर, आणि मिर्झापूरची रेषा १९०६ साली सरकारने निवडली म्हणून बरोबर.

हे उत्तर त्याला आम्ही पुढे एकदा दिले. त्याने ऐकून घेतले आणि दुसराच प्रश्न काढला. त्याची पाळी रात्री अकरा ते सकाळी सात. शनिवारी रात्री कामावर चढला की रविवारी सकाळी सातला उतरे. रविवार सुट्टीचा म्हणून हजेरीपुस्तकात लिहिलेले, आणि रविवारी रात्री अकराला पुन्हा हजर राहा असा हुकूम. त्याची सुट्टी सोळा तासांची, त्यातले आठ झोपेत. तो म्हणाला, "भाऊ, आमचा रविवार कुठं सुरू होतो ते सांगा."

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. यहुदी आणि मुसलमान यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मध्यरात्रीचा दिवस रोमनांचा, तो कचेरीतून आपल्याकडे आला. १९४८ च्या कारखाने कायद्यातही दिवस मध्यरात्रीपासून धरला होता आणि आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून. पण कायदा करणाऱ्यांत कोणीतरी रात्रपाळी पाहिलेला माणूस असावा. सत्तावन्नाव्या कलमात लिहिले होते की ज्याची पाळी मध्यरात्र ओलांडून जाते त्याच्या सुट्टीचा दिवस म्हणजे त्याची पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास.

ते कलम आम्ही त्याला व्यवस्थापकांच्या टेबलासमोर वाचून दाखवले. त्याने बोटांवर मोजले. "म्हणजे आमचा रविवार सोमवारी सकाळी सातला संपतो."

"होय," आम्ही म्हणालो.

त्या रविवारी रात्री तो कामावर आला नाही, आणि त्याची मजुरीही कापली गेली नाही.